टाकीतला धूर

लाँच धक्क्यापासून सुटली तेव्हा पुढच्या फळीवर पाहुणी बसली होती आणि फिरकी मागे डिझेलच्या पिंपाला टेकून. सुट्टी लागल्यापासून हे असंच चाललं होतं. पुढची फळी खरं तर बंदर खात्याची. पण लाँच चालवायचे फिरकीचे बाबा, आणि फिरकीला चालता यायला लागल्यापासून त्या फळीवर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं. आता बाबांनीच सांगितलं होतं, की ती चार दिवसांची पाहुणी, बसू दे तिला. चार दिवस केव्हाच उलटून गेले होते, आणि फळी काही परत मिळाली नव्हती.

पाहुणी म्हणजे फिरकीची मावसबहीण. मावशी समुद्रतळावरच्या गवताचा अभ्यास करायची, आणि त्यासाठी ती लेकीला घेऊन यांच्याच घरी मुक्कामाला आली होती. पाहुणी हुशार होती, गोड बोलायची, पोहायचीही झकास. तिला एकदा सांगितलं की पुरे, असं बाबा दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. फिरकीला हे बाराव्या वर्षापर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. शेजारचा ढोल्या तिचा जिवलग दोस्त, निदान तो तरी आपल्या बाजूने असेल अशी तिची आशा होती. पण ढोल्याही आता पाहुणीच्या शेजारी बसून तिच्या दुर्बिणीवर नंबर लावत होता.

आजची मोहीम होती चोर पकडायची. त्यांच्या उपसागराच्या तळाशी गवताचं मोठं कुरण होतं. माशांची पिल्लं, कोळंबी, खेकडे, सगळी बाळमंडळी त्यात लपून वाढायची. तळ खरवडत जाणारं ट्रॉलरचं जाळं फिरलं की गवत मुळासकट निघतं, म्हणून कायदा होता: पिवळ्या बोयांच्या आत जाळं ओढायचं नाही. बोये म्हणजे पाण्यावर तरंगणारी, साखळीने तळाशी बांधलेली मोठी पिंपं. कायदा होता, बोये होते, तरी कुरण बाहेरच्या बाजूने विरळ होत चाललं होतं. मावशीला तिथे गवत ओरबाडल्याचे लांबच लांब पट्टे सापडले होते. ट्रॉलरवाले गुपचूप आत घुसतात, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. त्यात सगळ्यात जास्त नाव टोपीकाकांचं, कारण त्यांचा ट्रॉलर सगळ्यात मोठा आणि तोंडही सगळ्यात फटकळ.

टोपीकाकांचा ट्रॉलर आलाच. मुलांनी श्वास रोखले. ट्रॉलर बोयाच्या रेषेपाशी पोचला, जाळं वर घेतलं आणि निमूटपणे वळला. तांबडी टोपी हलवून काकांनी मुलांना हातसुद्धा केला. दुसरा ट्रॉलर आला, तोही तसाच वळला.

"हे कसले चोर?" ढोल्या वैतागला. "यांच्यापेक्षा आमचा वर्ग जास्त दंगा करतो."

पाहुणी दुर्बिणीतून समुद्राकडे बघत राहिली. फिरकीला दुर्बीण मिळायची नव्हतीच, म्हणून ती फुगून पाठ फिरवून बसली. त्यामुळे तिचं तोंड गावाकडे झालं, आणि तिला काहीतरी खटकलं.

गावात एक उंच पाण्याची टाकी होती आणि तिच्या बऱ्याच मागे साबणाच्या कारखान्याचं धुराडं. फिरकी लहान असताना बाबांनी तिला या बाहेरच्या बोयाची खूण शिकवली होती. समुद्रातून बघताना धुराडं टाकीच्या बरोब्बर मागे लपलं आणि धूर टाकीतूनच निघाल्यासारखा दिसला, की समजायचं बोया आला. टाकी तापली, बोया आला, असं ते दोघं लाँचवर ओरडायचे. बंदर अधिकाऱ्यांच्या खोलीत मोठा फोटो होता, बोये बसवले त्या दिवशीचा. त्यात साहेब बोयावर हात ठेवून उभे, आणि त्यांच्या डोक्यामागे टाकीतून धूर निघालेला. ढोल्या आणि ती तो फोटो बघून पोट धरून हसायची.

आज लाँच बोयाला अगदी खेटून उभी होती. आणि धुराडं टाकीच्या बाजूला स्वच्छ मोकळं दिसत होतं, मध्ये अख्खा दवाखाना मावेल इतकं. फिरकीने डोळे चोळले. टाकी हलणार नाही, धुराडं हलणार नाही. मग हलला होता बोया.

ती ढोल्याला हाक मारणारच होती. तेवढ्यात बाबांनी पाहुणीला सुकाणू धरायला बोलावलं आणि वर शाबासकी दिली, की वा, हात किती स्थिर आहे. फिरकी परत पिंपाला टेकली. हे आपल्या एकटीचं, तिने ठरवलं. दुर्बीण तिची, फळी तिची, सुकाणू तिचं, निदान हे तरी माझं.

संध्याकाळी घरात जेवणाच्या टेबलावर मावशीने बातमी सांगितली. समुद्राच्या रक्षणासाठी नवा, कडक कायदा करावा की नाही, हे ठरवायला सरकारी समिती येणार होती. बंदराच्या लिलावघरात ती लोकांचं म्हणणं ऐकणार, आणि मुलांच्या वतीनेही एकाने बोलायचं. नवा कायदा झाला तर तळ खरवडणारी जाळी कुरणाच्या आसपास कुठेच चालणार नाहीत. नाही झाला तर थोड्याच वर्षांत अभ्यास करायला गवतच उरणार नाही. हे सांगताना मावशीने हातातला घास ताटात परत ठेवला.

"मग बोलणार कोण?" आईने विचारलं.

सगळ्यांच्या माना पाहुणीकडे वळल्या. बाबांचीही. पाहुणी लाजली आणि म्हणाली, की फिरकी पण चांगलं बोलेल. त्यावर आई हसली. फिरकी बोलायला लागली की समितीला पळून जावं लागेल, असं म्हणाली. आईला थट्टाच करायची होती, पण फिरकीच्या पोटात असं दुखायला लागलं की त्यावर कुठल्याच दुकानात औषध नव्हतं. समुद्र आपला, गाव आपलं, आणि भाषण करणार ती पाहुणी. ताटातलं तसंच टाकून फिरकी उठली. समितीसमोर ऐन वेळी उभं राहायचं आणि बोया सरकल्याचं सांगून सगळ्यांचे डोळे पांढरे करायचे, असा बेत तिने अंथरुणात पडल्या पडल्या पक्का केला. पाहुणी तोंडात मारल्यासारखी उभी राहिलेली तिला स्पष्ट दिसत होती. ते बघत बघत तिला छान झोप लागली.

समिती येणार म्हणून बंदर अधिकारी कामाला लागले. साहेबांना चकचकीतपणाची भारी हौस. बोये घासून लखलखीत करा, असा त्यांचा हुकूम सुटला. बाबा, त्यांचे दोन खलाशी आणि आपली तिन्ही कार्टी लाँचवर निघाली.

बोया उचलायचा म्हणजे मोठं काम. लाँचवरच्या यंत्राने आधी बोया वर घ्यायचा, मग साखळी, मग तिच्या टोकाचा सिमेंटचा जाडजूड ठोकळा. मग खलाशी बोयाला चिकटलेले शिंपले खरवडत बसतात. गप्पा चालतात, चहा होतो. फिरकीने हे लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलं होतं की तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. शिंपले खरवडून होईपर्यंत लाँच वाऱ्यावर हळूहळू वाहत होती, तिरकी, गावाच्या दिशेने. बोया चकाचक झाला. बाबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"सोडा रे," ते म्हणाले. लाँच वाहत आली होती तिथेच ठोकळा धपकन पाण्यात गेला.

फिरकीने वळून गावाकडे पाहिलं. धुराडं टाकीपासून आणखी थोडं लांब गेलं होतं.

त्याच वेळी लाँचच्या कडेला पाण्यातून पाहुणीचं डोकं वर आलं. पोहण्याचा चष्मा कपाळावर सारून ती धापा टाकत सांगू लागली. खाली वाळूत मोठमोठे गोल होते. ताटासारखे साफ, आत गवताची काडी नाही. एकापुढे एक, खोल समुद्राकडे रांगेने गेलेले. बोयाच्या अगदी जवळ म्हणून त्यांच्या आजूबाजूचं गवत जाळ्यातून वाचलं असावं. ते कसले असतील, असं तिने फिरकीलाच विचारलं, कारण इथलं सगळं फिरकीला माहीत असतं.

फिरकीला खरंच माहीत होतं. भरती-ओहोटीला बोया ठोकळ्याभोवती फिरतो आणि त्याची साखळी तळावर घासत गोल साफ करते. जिथे जिथे बोया होता, तिथे तिथे एक गोल. ती बोयाच्या पावलांचीच रांग होती. पण ती पावलं बाबांनी टाकली होती.

"खडक असतील," फिरकी म्हणाली.

"पण ते इतके गोल..."

"म्हटलं ना, खडक आहेत. तुला इथलं काय कळतंय?"

पाहुणी परत पाण्याखाली गेली. बाबांसाठी खोटं बोलले, असं फिरकीने स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं होतं. पाहुणीने विचारलं नसतं, ढोल्याने विचारलं असतं, तर तिचं तोंड कदाचित उघडलं असतं. या पोरीला आणखी एक गोष्ट सापडावी हेच तिला नको होतं. आणि तिचा सुंदर बेतही बुडाला होता. आता समितीसमोर उभं राहायचं म्हणजे बाबांकडेच बोट दाखवायचं.

सुनावणीच्या दिवशी लिलावघर धुऊन काढलं होतं, तरी मासळीचा वास होताच. ज्या ओट्यावर एरवी माशांच्या टोपल्या मांडतात तिथे टेबलखुर्च्या टाकून समिती बसली होती. मधोमध अध्यक्षबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. बाजूला बंदर अधिकारी, इस्त्रीच्या कपड्यांत. बाबा मागे दाराशी उभे होते.

पाहुणी फारच छान बोलली. कुरणात वाढणाऱ्या पिल्लांबद्दल बोलली, पट्ट्यांबद्दल बोलली, आणि शेवटी म्हणाली, की ट्रॉलर बोयाच्या आत घुसतात, म्हणून कडक कायदा हवा. टाळ्या पडल्या. फिरकीने हात मांडीखाली दाबून धरले होते.

टोपीकाका ताडकन उठले. "आम्ही बोया कधी ओलांडला नाही. ओलांडला असेल तर माझा परवाना आत्ता काढून घ्या."

लोक हसले. अध्यक्षबाईंनी शांतपणे पाहुणीला विचारलं, की बाळ, बोयाच्या आत जाळं ओढायला आजही बंदी आहे ना? पाहुणी हो म्हणाली.

"मग कायदा आहे, तो मोडला जातोय. मोडणाऱ्यांना दंड करा, पहारा ठेवा. नवा कायदा कशाला?"

पाहुणीने हातातला कागद उलटून पाहिला. तिचे कान लाल झाले. ती मावशीकडे बघू लागली.

फिरकीला अगदी गारेगार वाटलं. हेच तर तिला बघायचं होतं. पण ते गार वाटणं फार टिकलं नाही. मावशी खाली मान घालून रुमालाची घडी करत होती, मोडत होती, परत करत होती. टोपीकाका फटकळ असले तरी खरं बोलत होते, आणि अख्ख्या लिलावघरात ते फक्त एकाच माणसाला माहीत होतं. ते माणूस मांडीखाली हात दाबून बसलं होतं. आपण गप्प राहिलो तर खऱ्याला दंड होणार, गवत जाणार, आणि हे सगळं कशासाठी, तर एका फळीसाठी. तिने दाराकडे पाहिलं. बाबा तिथेच होते, कामावरचा स्वच्छ सदरा घातलेले. आणि ती उठली.

"टोपीकाका खरं बोलतायत," ती म्हणाली. "कायदा कोणीच मोडला नाही. बोयाच सरकलाय. आतल्या बाजूला."

एकच गलका झाला. बंदर अधिकारी मोठ्याने हसले. बोया जिथे बसवला तिथेच आहे, मी स्वतः बसवलाय, पोरीला ऊन लागलं असेल, असं त्यांनी समितीला सांगितलं. लहान मुलीचं कोण ऐकणार? फिरकीने ढोल्याच्या कानात दोन वाक्यं कुजबुजली. ढोल्या अभ्यासात कसाही असो, अशा कामात एकदम तल्लख.

"साहेब, तुमचा तो फोटो आहे ना, बोयाबरोबरचा?" त्याने अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारलं. "तो समितीला दाखवा ना. म्हणजे हिचं तोंड बंद होईल. फोटोत तुम्ही दिसताही किती रुबाबदार!"

साहेबांना हे पटायला वेळ लागला नाही. शिपाई धावला, भिंतीवरचा फोटो आला. टाकीतून निघालेला धूर बघून समितीतल्या एकाला हसू आवरेना. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. हा फोटो बोयापाशीच काढला का, एवढंच त्यांनी विचारलं. साहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं, की अर्थात, माझा हातच आहे त्याच्यावर.

"मग आता तिथे जाऊन बघा, धूर कुठून निघतोय," फिरकी म्हणाली.

समिती लाँचवर चढली, मागोमाग मावशी, साहेब, टोपीकाका आणि तिन्ही मुलं. सुकाणू बाबांच्या हातात होतं. त्यांची नजर टाकीवर होती. बोयापाशी पोचल्यावर अध्यक्षबाईंनी फोटो समोर धरला. फोटोत धूर टाकीतून, आणि समोर धुराडं टाकीपासून कितीतरी दूर.

"कारखान्याने धुराडं हलवलं असेल," साहेब पुटपुटले. टोपीकाकांना ठसका लागला.

फिरकी पाहुणीकडे वळली. "तुला ते गोल दिसले होते ना, ते दाखव यांना."

"तू तर म्हणालीस ते खडक आहेत."

"मी खोटं बोलले." लाँचवर सगळे ऐकत होते, आणि आता थांबून उपयोग नव्हता. "ते काय आहेत ते मला तेव्हाच कळलं होतं. सगळे तुझंच कौतुक करतात म्हणून नाही सांगितलं."

पाहुणीने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग मावशीचा काचेच्या बुडाचा डबा पाण्यावर टेकवून तिने अध्यक्षबाईंना खालचे गोल दाखवले. लाँच हळूहळू पुढे सरकत गेली, गोलांमागून गोल येत गेले. मावशी इतकी वाकली होती की ढोल्याने तिची ओढणी धरून ठेवली होती.

"बोया सरकवला कोणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. फिरकीला समुद्रात उडी मारावीशी वाटली. पण बाबांनी इंजिन बंद केलं आणि ते स्वतःच पुढे आले.

"मी," ते म्हणाले. "मुद्दाम नाही. उचलायचा, घासायचा, असू तिथे सोडायचा. कुठे सोडायचा ते कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. टाकीची खूण मीच या पोरीला शिकवली होती. मी विसरलो. ती नाही विसरली."

अध्यक्षबाईंनी फोटो साहेबांच्या हातात दिला. मग त्या म्हणाल्या, की कायदा कोणीच मोडला नाही आणि तरी कुरण गेलं, याचा अर्थ कायदाच अपुरा आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपावर हद्द सोडून आपण निवांत बसलो होतो. नवा कायदा हवाच, असा अहवाल त्या देणार होत्या. हद्द जमिनीवरच्या पक्क्या खुणांनी ठरेल, दर वर्षी ती तपासली जाईल, आणि तिच्या बाहेरही रुंद पट्ट्यात तळ खरवडणारी जाळी बंद होतील. टोपीकाका कुरकुरले. आपल्याला मागे हटावं लागेल, म्हणाले. पण पिल्लं कमी झाल्याचं त्यांनाही जाळ्यात दिसत होतं, आणि आपल्याला चोर म्हणणारे आता गप्प बसतील याचा आनंद त्याहून मोठा होता. अध्यक्षबाईंनी मुलांना शाबासकी दिली. इतकी वर्षं मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही दाखवलंत, म्हणाल्या. मावशीने फिरकीला घट्ट जवळ घेतलं. साहेबांनीही कौतुक केलं, फक्त फोटो परत भिंतीवर लावायचा की नाही हे त्यांना ठरवता येईना.

सगळं छान झालं होतं. फक्त पाहुणी फिरकीशी बोलत नव्हती. जेवतानाही नाही, झोपतानाही नाही. रागावण्याचा तिला हक्कच होता, आणि ते कळत असल्यामुळे फिरकीला तिच्यावर उलट रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी बोया मूळ जागी न्यायचा होता. बाबांनी दोघींनाही बोलावलं. एका खुणेने नुसती रेघ कळते, त्या रेघेवर नेमकं कुठे ते कळत नाही, त्यासाठी दुसरी रेघ लागते, असं त्यांनी समजावलं. दुसरी रेघ होती दीपगृह आणि टेकडीवरचा मनोरा यांची. एकाच वेळी दोन्हीकडे बघणं एका माणसाला जमत नाही. म्हणून फिरकीने टाकीवर नजर ठेवायची आणि पाहुणीने दीपगृहावर. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, तोंडातून अवाक्षर न काढता.

लाँच हळूहळू सरकू लागली. धुराडं टाकीमागे गेलं, धूर टाकीच्या डोक्यावर आला.

"जुळलं," फिरकी म्हणाली.

"माझं नाही," पाहुणी म्हणाली. "अजून बाहेर."

कालपासून ती पहिल्यांदाच बोलली होती. बाबांनी लाँच आणखी पुढे घेतली. पाहुणीचं जुळलं, तोवर फिरकीचं सुटलं. मग फिरकीचं जुळलं आणि पाहुणीचं गेलं. बाबा घामाघूम झाले, खलाशी हसायला लागले, ढोल्याने तर खाली बसकणच मारली. शेवटी केव्हातरी दोघी एकदमच "आता!" असं ओरडल्या. ठोकळा पाण्यात गेला, साखळी खडखडत त्याच्या मागे गेली.

बोया डोलून स्थिर झाला. पाहुणीने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पाण्यात सूर मारला. थोड्या वेळाने ती वर आली, तोंडावरचं पाणी पुसलं आणि फिरकीकडे बघत म्हणाली, "खाली येतेस, की मी एकटीनेच बघायचं?"

फिरकीने चपला भिरकावल्या आणि उडी मारली.